"एसीत उभं राहून स्क्रू बसवायला काय त्रास?" म्हणणाऱ्या काकांना

पाळीवाला

परवा इथंच एकानं लिहिलं होतं: "आमच्या वडिलांनी लक्ष्मी-विष्णू गिरणीत कापूस गिळत तीस वर्षं काढली. आताची पोरं पुण्याच्या कंपनीत एसीत उभं राहून स्क्रू बसवतात आणि सहा महिन्यांत बॅग घेऊन सोलापूरला परत येतात. पोरांना कष्ट नको झालेत." खाली चाळीस जणांनी 'बरोबर' म्हटलंय. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी पुण्याजवळच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात साडेतीन वर्षं तिन्ही पाळ्या केल्यात. काका, आधी एसीचं बोलू. तो एसी आमच्यासाठी नसतो, सर्किट बोर्डासाठी असतो. हवा कोरडी पडली की अंगातली वीज बोर्डावर उतरते आणि चिप मरते. दमट झाली की सोल्डर पेस्ट, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा लगदा, बिघडते. म्हणून हवा बांधून ठेवतात. अंगात स्मॉक म्हणजे लांब डगला, डोक्याला टोपी, मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर टेबलाला. आत जाताना पट्टीवर पाय ठेवायचा, हिरवा दिवा लागला तरच दार उघडतं. रात्रभर न झोपलेला माणूस आत चाललाय हे सांगणारा दिवा तिथं नाही.

आठ तास उभं. समोर बोर्ड येत राहतो, ठरलेल्या सेकंदांत चार स्क्रू, एक कनेक्टर, एक स्टिकर. हात थांबला की मागं ढीग लागतो आणि लाइन लीडर येऊन उभा राहतो. लघवीला जायचं तर रिलिव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता आपल्या जागी उभा राहणारा माणूस, येईपर्यंत थांबायचं. मी पाणी प्यायचंच कमी केलं होतं. दुसऱ्या वर्षी मुतखडा झाला.

आणि पाळी. आमच्याकडं पाळी उलटी फिरायची. रात्रपाळीनंतर दुसरी, मग पहिली. शरीराला रोज थोडं उशिरा झोपायला शिकवता येतं, लवकर झोपायला शिकवणं अवघड. पुढं फिरवली असती तर निम्मा त्रास वाचला असता, पण चार्ट लावणारा स्वतः जनरल शिफ्टला. खोलीत आम्ही सात जण, गाद्या तीन. एक उठून कामाला गेला की त्याच जागी दुसरा येऊन पडायचा. गादी कधी थंड व्हायची नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आमच्या घराला नंदीध्वजाला हात लावायचा मान आहे. पोरं महिनाभर आधीपासून सराव करतात. त्या वर्षी यात्रेला घालायची बाराबंदी धुऊन, इस्त्री करून आईनं काढून ठेवलेली. रजा मंजूर होती, आदल्या दिवशी रद्द झाली, टार्गेट मागं पडलं म्हणून. अक्षता सोहळ्याच्या वेळी मी लाइनवर होतो आणि मोबाइल लॉकरमध्ये. बाबांचे सहा मिस्ड कॉल रात्री बघितले.

एवढं होऊनसुद्धा मी राहिलो असतो. निघालो ते ब्रेकमुळं. सात महिने भरत आले की ब्रेक, म्हणजे नोकरीत खंड, कारण २४० दिवस भरले की कामगार हक्क सांगू शकतो. साडेतीन वर्षांत माझे चार कंत्राटदार बदलले. लाइन तीच, स्क्रू तोच, बॅज मात्र दर वेळी नवा. चौथ्यांदा पुन्हा 'नवीन कामगार' म्हणून सही करायला सांगितली तेव्हा बॅग भरली.

जुनी_गिरणी

ते मीच लिहिलंय, आणि शब्द मागं घेणार नाही. माझे वडील साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर होते. भोंगा झाला की ताटावरून उठायचे. कापसाचा तंतू नाकात, कानात, भाकरीवर. रिटायर झाल्यावर अकरा वर्षं खोकत होते. त्यांना पाळी उलटी फिरते की सुलटी हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. गप्प राहून चार पोरं शिकवली, एका बहिणीचं लग्न केलं. मुतखड्याचं वाईट वाटलं. पण साडेतीन वर्षांत दमलो म्हणणाऱ्यानं तीस वर्षं काढणाऱ्याशी तुलना करू नये.

पाळीवाला

काका, तुलना तुम्ही केलीत. आणि तुमच्या वडिलांकडं होतं तेच मी मागतोय. तीस वर्षं एकाच गेटमधून आत जायला मिळालं त्यांना. फंड होता, ग्रॅच्युइटी होती. खोकला सोडला तर त्यांची नोकरी मी आज डोळे झाकून घेईन.

कन्ना_चौक

गिरणीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. गिरण्या युनियननं बुडवल्या. रोज गेटवर सभा, रोज लाल बावटा. दत्ता सामंतांच्या संपानंतर मालकांचा गिरणीवरचा जीवच उडाला. आता पुण्याच्या कंपन्या कंत्राटी माणसं घेतात त्याला हीच भीती कारण आहे.

जुनी_गिरणी

अहो, सामंतांचा संप १९८२ चा, मुंबईच्या गिरण्यांचा. लक्ष्मी-विष्णू त्यानंतरही चालू होती, बंद पडली ती नव्वदीत. माझ्या वडिलांचे साचे त्यांच्या आधीच्या पिढीनं वापरलेले. मालकांनी नव्या यंत्रात पैसा घातला नाही, जमिनीवर डोळा ठेवला. युनियन नसती तर वडिलांना फंडसुद्धा मिळाला नसता. मिळाला तोही किती वर्षांनी, हे मला विचारा.

मागवाला

दोघंही अर्धं सांगताय. गिरणीला मारलं यंत्रमागानं. गिरणीत एका मीटरला जो खर्च यायचा त्याच्या निम्म्यात आम्ही अक्कलकोट रोडला कापड काढत होतो. चादर आणि टॉवेलनं हे शहर जगवलं. युनियनचं भूत आणि मालकाचं पाप दोन्ही बाजूला ठेवा.

जुनी_गिरणी

निम्म्या खर्चात काढत होता, कारण कामगाराला फंड देत नव्हता. बारा तासांच्या दोन पाळ्या, नगावर मजुरी, नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या आवाजात पन्नाशीत माणूस बहिरा. गिरणीला मारलं म्हणून सांगताना अभिमान कसला वाटतो?

मागवाला

तोंड सांभाळून बोला. माझे वडील स्वतः मागावर उभे राहिलेत. घरात चार माग, वर आम्ही झोपायचो, खाली माग चालायचा. लाइट गेली की आवाज बंद व्हायचा आणि त्यानंच जाग यायची. आम्ही कुणाचे जमीनदार नाही. सूत महागलं तर नुकसान आमचं, चादर पडून राहिली तर नुकसान आमचं. आज मला कामगार मिळत नाही, सगळे पुण्याला. इथं घरी झोपायचं सोडून सात जणांच्या खोलीत का जातात, ते या पाळीवाल्यानंच सांगावं.

पाळीवाला

सांगतो मालक. तुमच्याकडं वीस वर्षं काढलेला माणूस बँकेत कर्ज मागायला गेला तर कागद काय दाखवणार? मला कंत्राटदाराची का होईना, पगाराची पावती होती.

होटगी_रोड

मूळ प्रश्न कुणी बोलतच नाही. पोरांना जावं लागतं कारण इथं कारखाना येत नाही. घरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तिथं कोणता कारखाना येणार? विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. तेव्हा सांगितलं उद्योग येतील. पुण्याजवळ रांजणगावला २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर झालं, आपल्याला का नाही?

कन्ना_चौक

चिमणी काढू नका इथं, नाहीतर पहाटेपर्यंत संपणार नाही.

नीलम_नगरची

मी वाचत होते, पण आता लिहिते. इथं सगळे पुरुष आपापल्या वडिलांचं सांगायलेत. माझी आई विडी वळते. पानं भिजवायची, कापायची, दिवसभर मान खाली. विडी कंपनीच्या ब्रँचला नेलं की तपासणारा छाट काढतो, त्या विड्यांचे पैसे नाहीत. तिच्या खात्यावर आयुष्यात कधी महिन्याचा पगार पडला नाही.

मी पुण्याकडं मोबाइलच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, तिसरं वर्ष. पाय सुजतात, ते खरं आहे. रात्री तीन ते चार ह्या तासात मायक्रोस्कोपमध्ये बघताना सोल्डरचे दोन टाके एक दिसतात, तेही खरं. महिन्याच्या त्या दिवसांत आठ तास उभं राहणं काय असतं ते लिहीत नाही. पण माझ्या नावावर पगार येतो, आणि लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाला मी स्वतः 'नाही' म्हणाले. आधी बायकांना कारखान्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामच करता यायचं नाही. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ते बदललं, सुरक्षेच्या अटी घालून. बस होस्टेलच्या दारात सोडते. दादा, तुम्ही लिहिलेलं खोटं नाही, पण ते वाचून माझ्या गल्लीतल्या दोन मुलींचे बाप म्हणतील, बघा, मी सांगत होतो ना. त्यांचं काय करायचं?

पाळीवाला

ताई, हे मला सुचलं नव्हतं. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. तेवढं आधीच लिहायला हवं होतं, मान्य.

लाइन_लीडर_बाळे

मी त्याच बाजूला उभा असतो, म्हणून शिव्या मलाच. रिफ्लो ओव्हनमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत, जवळपास अडीचशे अंश तापमान लागतं. बंद करून परत तापवायचं, तापमानाचं प्रोफाइल बसवायचं, पहिले बोर्ड तपासायचे, यात वेळ जातो. मशीन कोट्यवधीचं, दोन-चार वर्षांत जुनं होतं. म्हणून चोवीस तास चालवतात. आम्हालाही वरून दर तासाचा आकडा विचारतात. रजा मी रद्द करत नाही, मला फोन येतो. रिलिव्हरचं मात्र खरं आहे. चाळीस माणसांमागं एक देतात. मी दोन मागितले, मिळाले नाहीत.

जुनी_गिरणी

म्हणजे चोवीस तास मशीनला विश्रांती नाही म्हणून माणसालाही नाही. हे माझ्या वडिलांच्या वेळीही असंच सांगायचे.

लाइन_लीडर_बाळे

काका, परवा तुम्हीच लिहिलं होतं पोरांना कष्ट नको झालेत.

जुनी_गिरणी

लिहिलं होतं. 'एसी' हा शब्द चुकला माझा. बाकीचं अजून तसंच वाटतं.

होटगी_रोड

आता पुढचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यात रोजचे ९ तास १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे.

पाळीवाला

ज्याला सात महिन्यांनी ब्रेक द्यायचाय त्याची संमती! तो नाही म्हणेल का? मी म्हटलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय, आणि आपण तास वाढवतोय.

कन्ना_चौक

आठवड्याचे तास ४८ च राहणार आहेत, तेही सांगा की. तीन दिवस सुट्टी मिळेल. हुतात्मा एक्सप्रेस पकडून पोरगं घरी येऊन जाईल.

नीलम_नगरची

बारा तास उभी राहिलेली बाई चौथ्या दिवशी हुतात्मा पकडत नाही, झोपते.

मागवाला

माझ्याकडं बारा तासच आहेत, हे जुनी_गिरणीवाल्यांनी मघाशी तोंडावर मारलं. ते लागलं. आता सरकारच बारा म्हणतंय तरी मला बरं वाटत नाही. माझ्या मागावरचा माणूस दहाव्या तासाला धागा तुटलेला बघत नाही, चादरीला रेघ पडते. बारा तासांचं काम कसं असतं ते मला विचारा.

साखर_पेठ

विषय थोडा वेगळा आहे. माझा धाकटा भाऊ, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स. त्याला असंच पत्र आलंय, सोमवारी हजर व्हायचंय. तुमचं सगळं वाचून आई रडायली. पाठवू का नको?

पाळीवाला

पाठवा. पण पत्र नीट वाचा. वर कंपनीचं नाव आहे का कंत्राटदाराचं? 'अप्रेंटिस' लिहिलंय का? असेल तर फंड नसतो, शिकाऊ म्हणून घेतात आणि लाइन पूर्ण चालवून घेतात. किती महिन्यांचं आहे ते बघा. खोली घेताना गाद्या मोजा.

नीलम_नगरची

आणि पहिल्या महिन्याची पगाराची पावती आल्यावर इथं सांगा, त्यातली कपात मी बघून देते. पाणी पीत जा म्हणावं, रिलिव्हर येवो न येवो.

जुनी_गिरणी

कुठल्या गाडीनं जातोय? शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बरोबर द्या. रात्रपाळीला तेच टिकतं. आमच्या घरात वडिलांच्या डब्यात तेच असायचं.