जुन्या खिडक्यांचं काचघर बांधायचंय, छताला काय लावू?

काचेची_खोली:
नमस्कार मंडळी, एक जुनं घर पाडलं तिथून 14 लाकडी खिडक्या आणि काचेचे 2 दरवाजे मिळालेत. लाकूड ठणठणीत आहे, रंगाचे पापुद्रे निघालेत आणि दोन-तीन काचांना तडे, बाकी काही नाही. घराच्या मागच्या भिंतीला लागून 3 बाय 4 मीटरचं काचघर करायचंय, झाडं पण राहतील आणि बसायलाही होईल. अडचण अशी की खिडक्यांची मापं एकमेकींशी जुळतच नाहीत. आधी सांगाडा उभा करून खिडक्या तासून बसवू का? आणि छतालाही ह्याच खिडक्या आडव्या टाकल्या तर चालेल ना? सुतारकाम बऱ्यापैकी जमतं.

रंधापटाशी:
छताला नको, हे आधी सांगतो मग बाकीचं. जुन्या खिडकीत साधी काच असते, ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे पडतात आणि तुम्ही खाली बसलेले असणार. शिवाय आडव्या पट्ट्यांपाशी पाणी साचतं, उभ्या खिडकीत जे निथळून जातं ते आडव्या खिडकीत लाकडात मुरतं. डोक्यावर काच हवीच असेल तर लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर असलेली, फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात, पण 6 मिमी काच चौरस मीटरला 15 किलो भरते, म्हणजे तुमच्या 12 चौरस मीटरला 180 किलो नुसती काच, मग वासेही तसेच जाड लागणार. मी पोकळ पॉलिकार्बोनेट, म्हणजे आत नळ्या असलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घालीन, 10 मिमीचं साधारण 20 किलोत भागतं.

आणि सांगाडा आधी अजिबात नको. सगळ्या खिडक्या जमिनीवर पसरा, तीन भिंतींसारख्या मांडून बघा, वरच्या कडा एका रेषेत आणा आणि खालचा फरक विटांच्या बुटक्या भिंतीत किंवा फळ्यांत जिरवा, मग त्या मांडणीवरून सांगाड्याची मापं काढा. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, चांगल्या खिडक्या तासत बसलो आणि सांधेच खिळखिळे झाले, अजून वाईट वाटतं त्याचं. विटांच्या भिंतीमुळे लाकूड ओल्या मातीपासून वर राहतं हा फायदा वेगळाच.

हिरवी_ओंजळ:
+1. पॉलिकार्बोनेटची छापील फिल्म लावलेली बाजू, म्हणजे उन्हापासून वाचवणारा यूव्ही थर असलेली, वरच हवी आणि आतल्या नळ्या उताराच्या दिशेने. भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा, 3 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 8 मिमी लांबतो, घट्ट आवळला तर कडकड वाजतो आणि भोकापाशी तडकतो.

पण मला खरी काळजी उन्हाची वाटते, काचघर भट्टी होतं आणि झाडं आधी जातात. छताच्या सगळ्यात वरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा ठेवा, त्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान 15-20 टक्के, म्हणजे तुमच्याकडे 2 चौरस मीटरच्या आसपास, आणि खालच्या खिडक्या पण उघडत्या ठेवा म्हणजे गरम हवा वरून निघते आणि गार खालून येते. सगळ्या खिडक्या खिळ्यांनी पक्क्या करू नका प्लीज, त्या जुन्या बिजागऱ्या तेल घालून वापरा.

रंधापटाशी:
हे राहिलंच, जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. दारांच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का दिसतो का बघा, असेल तर ती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते, कापायला गेलात तर पूर्ण काचेचा चुरा होतो. शिक्का नसेल तर दारांना नवीन सेफ्टी काच घाला, माणूस धडकतो तो तिथेच.

काचेची_खोली:
खूप आभार दोघांचे. आत्ताच बघून आलो, एका दाराला शिक्का आहे, दुसऱ्याला नाही. रविवारी सगळ्या खिडक्या अंगणात पसरतो आणि फोटो टाकतो. घराची भिंत आणि छत जुळतं तिथे पाणी आत येऊ नये म्हणून नुसतं सिलिकॉन पुरेल का?

रंधापटाशी:
नाही, सिलिकॉन काही वर्षांत सुटतं. भिंतीत खाच पाडून धातूच्या पत्र्याची पट्टी आत घुसवा आणि ती छतावर किमान 15 सेंमी येऊ द्या, सिलिकॉन फक्त खाचेत. फोटो टाका, मांडणी बघून वाशांचं अंतर सांगतो.