गरोदर बायको आवडली, यात ‘छी’ काय आहे?

मानेवाडा_रोड:
आठ वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आज लिहितो. बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. मे महिना, सातवा लागलेला. दुपारी कूलरसमोर पाठीला उशी लावून बसायची, एक हात पोटावर आणि दुसऱ्या हातानं बर्फाचा खडा मानेवरून फिरवायची. लग्नाच्या पहिल्या वर्षातही ती मला इतकी आवडली नव्हती. नजर हटायची नाही.

नागपुरात कस्तुरचंद पार्कवर तर्री-पोहे खाताना एका जवळच्या मित्राला सांगितलं. त्यानं प्लेट खाली ठेवली. म्हणाला, “छी बे! आई होऊन राहिली ना ते!” त्या रात्रीपासून मी गादी उचलून हॉलमध्ये झोपायला लागलो. बायकोला म्हटलं, तुला मोकळं झोपता येईल. पोरगी दोन वर्षांची झाल्यावर एकदा भांडणात तिच्या तोंडून निघालं, “तेव्हा मी तुम्हाला नकोशी झाले होते.”

पोट दिसायला लागलं की बाई फक्त आई आणि तिच्याकडे बायको म्हणून पाहणारा नवरा विकृत, हे कोणी ठरवलं?

धरमपेठची_आई:
तुमच्या घरातलं दुःख समजलं. पण माझंही ऐका. आठव्या महिन्यात मी बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेले होते. एक माणूस दुकानापासून ऑटोपर्यंत मागे आला. नजर पोटावरच. मी पर्स पोटासमोर धरून चालले, घामानं पट्टा हातातून सुटत होता. घरी शेजारणी न विचारता पोटाला हात लावायच्या. डोहाळेजेवणाला हातात धनुष्यबाण देऊन काढलेले फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले, तिथून कुठे गेले कोण जाणे. नऊ महिने ते शरीर माझं नव्हतंच. त्यात आणखी कोणाची ‘आवड’ सोसायची? तुम्ही याला साधी गोष्ट म्हणालात की त्या माणसालाही आडोसा मिळतो.

मानेवाडा_रोड:
ताई, तो तुमच्या मागे लागला हा त्याचा गुन्हा. त्याला काय आवडतं त्यावर गुन्हा ठरत नाही. साडीतली बाई आवडणाराही मागे लागला तर दोषीच. मग माझ्यासारख्याला त्याच्या रांगेत काऊन उभं करता?

जुना_महालकर:
आमच्या वेळी सातव्यात पोरीला माहेरी पाठवत. तिला आराम, पोटातल्या जिवाला आराम. नवऱ्यानं स्वतःला आवरायचं असतं, त्यात कमीपणा नाही. सगळंच चव्हाट्यावर आणून काय मिळते? लाज ही वाईट गोष्ट नाही बाप्पा.

ओपीडीतली_सिस्टर:
काका, आराम हवाच. पण या लाजेपायी बाया डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत येतात आणि मला कोपऱ्यात हळूच विचारतात, “जवळ आलं तर बाळाला लागते का?” सगळं सुरळीत असेल तर नाही लागत. बाळ गर्भजलात असतं, भोवती गर्भाशयाच्या जाड भिंती असतात. वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, दिवसांआधी कळा येण्याचा धोका असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात. आणि पहिल्या तीन महिन्यांत मळमळीनं बऱ्याच बायांना काहीच नको वाटतं, पुढे पुष्कळ जणींची इच्छा परत येते. ती कोणी विचारतच नाही. इच्छा फक्त नवऱ्यालाच असते असं धरून का चालता?

मेडिकल_चौक:
‘विकृत’ शब्दाबद्दल थोडं. गरोदरपणाच्या अशा खास आकर्षणाला मायेसिओफिलिया म्हणतात. नाव आहे म्हणून तो आजार होत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 साली डीएसएम या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तकाची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला आहे. त्या आवडीनं माणूस स्वतः तळमळत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तर विकार. आणि ती तळमळ नुसती लोकांच्या ‘छी’मुळे आलेली असेल तर ती धरायची नाही. वरच्या धाग्यात मला तरी तेवढंच दिसतं. बर्डीवरचा माणूस मात्र इजा करत होता.

रामटेकचा_वाटसरू:
हे आपल्याकडे नवीन आहे असं कोणी समजू नका. ज्या कालिदासाच्या नावानं आमच्या रामटेकला 1997 पासून विद्यापीठ आहे, त्याच्या रघुवंशाचा तिसरा सर्ग काढा. सुदक्षिणा राणीला दिवस गेलेत, ती माती खाते. राजा दिलीप तिच्या मुखाचा तो मातीचा वास घेतो आणि त्याचं मन भरत नाही, उन्हाळा सरताना पावसानं भिजलेलं डबकं हुंगणाऱ्या हत्तीसारखं. कवीला त्यात घाण दिसली नाही.

धरमपेठची_आई:
बी.ए.ला संस्कृत होतं माझं. तिथे ‘रहसि’ शब्द आहे, म्हणजे एकांतात. दरबारात नाही, ग्रुपवर नाही. आणि थोडं पुढे वाचा: राणी लाजेनं बोलत नाही म्हणून तोच राजा तिच्या सख्यांना परत परत विचारतो, तिला काय हवंय. बर्डीवरच्या माणसाबद्दल माझं मत बदललेलं नाही, आणि अशा आवडीचा उघड गाजावाजा मला आजही नको. पण मानेवाडावाले भाऊ, तुम्हाला विकृत म्हणणार नाही. एकच सांगा, तुम्ही तिला विचारलं होतं का?

मानेवाडा_रोड:
नाही ताई. मित्राला सांगितलं. तिला नाही विचारलं.