वजन 61 किलो, तरी फॅटी लिव्हर. जीन टेस्ट करावी का?

सातरस्ता_सोलापूर:
पुरुष, वय 46, उंची 168 सेंमी, वजन 61, पोटाचा घेर 94 सेंमी. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर. लिव्हरचे एन्झाइम: एसजीपीटी 64, एसजीओटी 48, प्लेटलेट 1.90 लाख. शुगर, कोलेस्टेरॉल नॉर्मल. दारू नाही. वडील लिव्हर सिरोसिसनं गेले, त्यांनीही कधी घेतली नव्हती. हे जनुकांमुळं असू शकतं का? पुण्या-मुंबईच्या लॅबला सॅम्पल पाठवून जीन टेस्ट होते म्हणे. करावी का? आणि जनुकातच असेल तर पथ्याचा उपयोग काय?

कडकभाकरी:
असू शकतं की ओ. सगळ्यात जास्त अभ्यासलेलं जनुक म्हणजे पीएनपीएलए3, फॅटी लिव्हरशी त्याचा संबंध 2008 मध्ये पुढं आला. त्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळं प्रथिनात 148 व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन येतं. हे बदललेलं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबावर बसतं ते उठतच नाही. चरबी फोडणारं दुसरं एन्झाइम असतं, त्याचा मदतनीसही हे अडवून ठेवतं. मग थेंब फुगत जातो. आई आणि वडील, दोघांकडूनही हीच प्रत आली तर धोका जास्त, एकाकडूनच आली तर कमी. आणि या बदलानं शुगर वाढतेच असं नाही, त्यामुळं शुगर नॉर्मल आहे म्हणून लिव्हर सुटलं असं धरू नका.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. टीएम6एसएफ2 नावाच्या जनुकातल्या बदलात लिव्हरमधली चरबी रक्तात नीट सोडलीच जात नाही. रिपोर्टवर कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड छान दिसतात, कारण माल गोदामातच अडकलेला असतो! उलटंही आहे बरं का. एचएसडी17बी13 मधला एक बदल लिव्हरला थोडं संरक्षण देतो.

लॅबवाला_नवीपेठ:
जीन टेस्टचे पैसे आत्ता घालवू नका. निकाल काहीही आला तरी पुढची पायरी तीच राहते. वडिलांचा इतिहास हीच तुमची फुकटची जीन टेस्ट. फॅटी लिव्हरमधून सिरोसिस झालेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांत पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिसचा (लिव्हरवर व्रण साचून ते कडक होण्याचा) धोका एका अभ्यासात सुमारे 12 पट आढळला होता. तेव्हा भावा-बहिणींनाही तपासायला सांगा.

आधी फिब-4 काढा, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). इथंच लोक चुकतात. आपल्याकडं प्लेटलेट लाखात छापतात, सूत्रात हजारात लागतात. 1.90 लाख म्हणजे 190. 1.9 टाकलं तर उत्तर 145 येईल आणि रात्रीची झोप जाईल. तुमचं गणित: 46 × 48 = 2208. 64 चं वर्गमूळ 8, 190 × 8 = 1520. उत्तर 1.45.

1.3 च्या खाली असतं तर निवांत. 2.67 च्या वर असतं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरकडं. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा. त्याआधी निदान 3 तास काही खाऊ नका, जेवून गेलात तर आकडा फुगतो. 8 केपीएच्या (कडकपणाचं एकक) खाली आला तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी सांगतो, फायब्रोसिस नाही. त्या '2' ला घाबरू नका आणि भुलूही नका. हिपॅटायटिस बी, सी आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि फिब-4 पस्तिशीच्या आत भरवशाचं नाही. धाकटा भाऊ 30 चा असेल तर त्यावर विसंबू नये.

कडकभाकरी:
पथ्याचं राहिलं. जनुक बदललेल्यांच्याही लिव्हरमधली चरबी वजन उतरवल्यावर कमी होते, हे अभ्यासांत दिसलंय. पोटाची चरबी, साखर आणि दारू यांच्या जोडीनं जनुकाचा जोर वाढतो, म्हणून सोडायचं ते हेच.

तुमचा बीएमआय 21.6, म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ. पण पुरुषांसाठी घेराची मर्यादा 90 आणि तुमचा 94, खरं दुखणं तिथं आहे. 10 किलो उतरवायचे नाहीत. सडपातळ माणसाला 3 ते 5 टक्के पुरतात, तुमच्या बाबतीत 2 ते 3 किलो. उपाशी राहून स्नायू झडवू नका, आठवड्यात 150 मिनिटं भराभर चाला आणि जोडीला दोन दिवस जोर-बैठका काढा.

ज्वारीची भाकरी बिनधास्त खा. शेंगा चटणी एक चमचा चालेल, वाटीभर नाही, 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. पण आधी चहा मोजा. दिवसाला 5 कप, कपाला 2 चमचे म्हणजे 40 ग्रॅम साखर होते. थंड पेयं आणि बाटलीबंद ज्यूस बंदच.

सातरस्ता_सोलापूर:
चहा 6 कप आहे. हुरड्याच्या वेळी एखादी बिअर चालेल का?

लॅबवाला_नवीपेठ:
नको. वडिलांचा इतिहास बघता तुम्हाला तर नकोच. हुरडा खा, सोबत ताक घ्या. एसजीपीटी 3 महिन्यांनी परत करा, त्याच लॅबमध्ये.