दादर–रत्नागिरी पॅसेंजरचा सिनारिओ: छापील वेळ पाळायची की क्रॉसिंगचा उशीर धरायचा?

रूळमित्र
ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरसाठी कोकण रेल्वेच्या जुन्या पॅसेंजरचे सिनारिओ (गाडी चालवायचे तयार प्रसंग) बरेच येतायत, ही आनंदाची गोष्ट. पण बहुतेकांत खेडला वीस मिनिटं, अंजनीला पंधरा असे थांबे अंदाजाने टाकलेले दिसतात. कारण एकच सांगतात: "एकेरी मार्ग, समोरच्या गाडीला वाट द्यायला स्टेशनवर थांबायचं (क्रॉसिंग), गाडी लेटच असायची." मला हे पटत नाही. सिनारिओला ऐतिहासिक म्हणायचं असेल तर एक तारीख धरा आणि त्या दिवशी लागू असलेलं छापील वेळापत्रक मिनिटासकट पाळा.

तारीख धरली की अर्ध्या चुका आपोआप गळतात. या पॅसेंजरला 50103 हा पाच अंकी नंबर लावायचा तर तारीख 20 डिसेंबर 2010 नंतरचीच हवी. गाडी दादरहून सोडायची तर मार्च 2020 च्या आधीची हवी, कारण पुन्हा सुरू झाल्यावर ती दिव्यापर्यंतच येऊ लागली. त्यातही 15 मे आणि 15 जून यांत फरक आहे. त्या काळात पावसाळी वेळापत्रक 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं (15 जून ते 20 ऑक्टोबर हे 2025 पासूनचं).

आणि कृपा करून ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ हे देशभराचं वेळापत्रक घेऊन बसू नका. त्यात मेल-एक्सप्रेस मिळतात, पॅसेंजर मिळत नाहीत. त्यासाठी झोनचं (रेल्वेच्या त्या विभागाचं) वेळापत्रक शोधावं लागतं, रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या वाचनालयात.

बोगदावेडा
तारखेबद्दल शंभर टक्के सहमत, बाकीच्याशी नाही. छापील वेळ प्रवाशासाठी असते. गाडी कुणासाठी थांबली हे त्यात लिहिलेलं नसतं, आणि एकेरी मार्गावर सगळा खेळ तिथेच आहे.

एक क्रॉसिंग नीट मोजून बघा. आयसीएफचा (जुन्या पद्धतीचा) डबा बफरसकट सुमारे 22.3 मीटर. 18 डबे आणि एक इंजिन धरलं तर गाडी 420 मीटरच्या आसपास. लूपच्या (बाजूला काढलेल्या रुळाच्या) पॉइंटवर (रूळ बदलायच्या जागी) वेग ताशी 30 किलोमीटर असेल तर सबंध गाडी पॉइंटवरून जायला 50 सेकंद, 15 असेल तर 100 सेकंद. त्याआधीचं ब्रेकिंग आणि स्टार्टरपर्यंतचं (सुटायच्या सिग्नलपर्यंतचं) सरकणं वेगळंच. मग समोरची गाडी पूर्ण यायला हवी, पॉइंट फिरायला हवेत, पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर (गाडी सोडायची परवानगी) मिळायला हवा. आधी येऊन थांबलेल्या गाडीचं हे काम पाच मिनिटांत क्वचितच आटपतं. शिवाय दोन्हीकडून एकाच वेळी गाड्या आत घ्यायची सोय प्रत्येक स्टेशनवर असतेच असं नाही. नसेल तर एक गाडी स्टेशनबाहेरच्या होम सिग्नलला उभी. सिम्युलेटर मात्र दोघींना बिनदिक्कत आत घेतो.

छापील वेळ पाळून समोरच्या गाड्याच टाकल्या नाहीत, तर तो सिनारिओ कोकणातला कसला? कुठल्याही मार्गावर चालेल.

मांडवीमेल
दोघांनीही आलेख काढलेला दिसत नाही. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर रोह्यापासूनचे किलोमीटर. त्या तारखेच्या वाराला धावणारी प्रत्येक गाडी काढा. वार महत्त्वाचा आहे, आठवड्यातून एक-दोनदा धावणाऱ्या गाड्या इथे बऱ्याच आहेत. मग रेषा कुठे छेदतात ते बघा. विरुद्ध दिशेच्या दोन रेषा स्टेशनवरच छेदल्या पाहिजेत. उक्षी आणि भोके यांच्या मधोमध, म्हणजे करबुडे बोगद्याच्या भागात छेदत असतील, तर तुमचं एक पान दुसऱ्या वर्षाचं आहे किंवा पावसाळी आहे. ही एक तपासणी दहा फोटोंपेक्षा जास्त सांगते.

आणखी एक अडचण. रूट (सिम्युलेटरमधला मार्ग) बनवणारे आजचा नकाशा घेतात. कडवई, खारेपाटण रोड ही स्टेशनं मागाहून आली. 2012 च्या सिनारिओत तिथे क्रॉसिंग दाखवलं की संपलंच. रोहा–वीर दुहेरीकरण 2021 मध्ये पूर्ण झालं, त्याआधीच्या तारखेला दुसरा रूळ काढून टाका. खांब उभे राहण्याआधीची तारीख असेल तर विजेचे खांबही काढा. पूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण 20 जून 2022 चं आहे, पण खांब त्याच्या बरेच आधी उभे राहिले, म्हणून फोटोत खांब दिसले म्हणजे विजेचं इंजिन असा अर्थ काढू नका.

रूळमित्र
आलेख मान्य, तो माझ्याच बाजूने बोलतो. छापील वेळा नीट असतील तर क्रॉसिंग त्यातूनच निघतं. एरवी एक-दोन मिनिटं थांबणारी पॅसेंजर एखाद्या लहान स्टेशनवर बारा मिनिटं दाखवली असेल, तर समोरची किंवा मागून येणारी गाडी तिथेच शोधायची. मग मनाने उशीर कशाला घालायचा? उशीर घालायचाच तर त्या दिवसाची बातमी दाखवा. गणपतीतल्या ज्यादा गाड्यांच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या स्थानिक पेपरांत तारखेसह येतात, थांबे आणि डब्यांची संख्याही असते. पुरावा असेल तर घाला.

बोगदावेडा
बातमी कधी येते? गाड्या चार-चार तास रखडल्या की. रोजच्या वीस-पंचवीस मिनिटांची बातमी होत नाही, म्हणून ती नव्हतीच असं धरायचं? आणि मालगाड्यांचं काय? कोलाड–वेर्णा रोरो (ट्रक वाहून नेणारी मालगाडी) 26 जानेवारी 1999 पासून चालू आहे. प्रवाशांच्या वेळापत्रकात ती नाही, पण लूप अडवतेच.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. वीर–कणकवली टप्प्यात वेग 75, मुसळधार पावसात समोरचं दिसत नसेल तर 40. दहा किलोमीटरला 100 च्या वेगाने 6 मिनिटं लागतात, 75 ला 8, 40 ला 15. दर आठ-दहा किलोमीटरवर थांबणारी पॅसेंजर तशीही 100 वर फार वेळ नसते. तिला 75 ची झळ कमी, एक्सप्रेसला जास्त. म्हणजे समोरची एक्सप्रेस घसरते आणि पॅसेंजरचं क्रॉसिंग एक स्टेशन पुढे सरकतं. हे छापून येत नाही, पण मार्ग असाच चालतो.

कोलाडनाका
हे सरकणारं क्रॉसिंग ओपन रेल्सच्या टाइमटेबल मोडमध्ये करता येतं, अंदाजाने थांबे टाकायची गरज नाही. स्टेशनच्या चौकटीत वेळेपुढे ‘वेट’ची आज्ञा समोरच्या गाडीच्या नावासह द्या आणि तिला ‘मॅक्सडिले’ (जास्तीत जास्त उशीर, मिनिटांत) जोडा. समजा 20 दिलं. एक्सप्रेस तुमच्या गाडीच्या तुलनेत 20 मिनिटांपर्यंत मागे असेल तर पॅसेंजर तिथेच वाट बघते, त्याहून जास्त असेल तर सुटते. पुढच्या स्टेशनवर त्याच एक्सप्रेससाठी दुसरा ‘वेट’ लिहायला विसरू नका, नाहीतर दोघी समोरासमोर अडकतात.

‘वेट’ने गाडी सामाईक रुळाच्या आधीच्या शेवटच्या सिग्नलला थांबते. रूटमध्ये लूपचा स्टार्टर गायब असेल तर ती भलत्याच ठिकाणी उभी राहील. आधी सिग्नल तपासा.

मांडवीमेल
इंजिनाचंही बघा. डिझेल इंजिनांत डब्ल्यूडीएम-2 2600 अश्वशक्तीचं, डब्ल्यूडीएम-3ए 3100 चं, डब्ल्यूडीपी-4डी 4500 चं. मार्गावरचा चढ 150 ला 1 पेक्षा तीव्र नाही, पण तोच चढताना जुन्या वेळापत्रकावर 4500 चं इंजिन लावलं की गाडी प्रत्येक स्टेशनला आधी पोचून उभी राहते. मग लोक तो रिकामा वेळ ‘क्रॉसिंग’ म्हणून खपवतात.

रूळमित्र
‘मॅक्सडिले’ चालेल, पण अटीवर. मूळ फाइल शून्य उशिराची, उशिराची फाइल वेगळी, आणि कुठल्या गाडीला किती उशीर दिला तो शेऱ्यात लिहिलेला. डाउनलोड करणाऱ्याला छापलेलं कोणतं आणि धरलेलं कोणतं हे कळलंच पाहिजे.

बोगदावेडा
शेऱ्याचं मान्य. पण मुख्य फाइल म्हणून मी उशिराचीच देणार. शून्य उशिराची फाइल आलेख तपासायला ठेवेन, चालवायला नाही.