दोन महिन्यांच्या पिल्लाला खायला काय घालू? (देवगड)

देवगडकरीण:
ओढून ठेवलेल्या होडीखाली सापडलेलं गावठी पिल्लू दहा दिवसांपूर्वी घरी आणलं. मादी आहे, नाव चिंगळी. पहिली लस आणि जंताचं औषध झालंय. प्रश्न खाण्याचा. आजी तिला सकाळी दूध-भात घालते, चार वाजता चहात बुडवलेलं बिस्किट आणि दुपारी ताटातले बांगड्याचे काटे. मी काही बोलले की उत्तर तयार, "आमच्या वाडयेतले कुत्रे नुस्त्याच्या काट्यांवरच वाढले, तेंका काय झाला?" कालपासून शी पातळ होतेय, पण खेळतेय छान. पाकिटातलं आणायचं तर कुठलं? दुकानात दोन-तीन प्रकार दिसले, सगळ्यांवर सारखंच हसरं कुत्रं. आणि शिकवताना बक्षीस म्हणून हातात काय ठेवू?

खाडीकाठ:
ताई, आधी दूध आणि चहा दोन्ही बंद. आईचं सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना बाधतं. उद्यापर्यंत शी घट्ट झाली नाही, किंवा त्याआधी उलटी, रक्त, मलूलपणा दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा विषाणूचा आजार, असाच सुरू होतो आणि एका लशीवर भागत नाही, पुढचे डोस चुकवू नका.

हसरं कुत्रं सोडा, पाकिटाची मागची बाजू वाचा. पिल्लांसाठीचं आणि 'कम्प्लीट', म्हणजे पूर्ण आहार, असं लिहिलेलं हवं. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, सगळ्यांचं पिल्लांसाठी वेगळं येतं. वर्षभर खिशाला झेपेल ते घ्या. पोट ताळ्यावर आलं की आताच्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात पूर्ण बदला. आत्ता दिवसाला चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन, सहा महिन्यांनंतर दोन. कोरडं खात नसेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा.

नारळीपोफळी:
पाऊस तोंडावर आहे म्हणून सांगते, मोठी पिशवी घेऊ नका. मागच्या आषाढात स्वस्त पडते म्हणून मी दहा किलोची आणली. श्रावणात हात घातला तर तळाला गोळे झालेले आणि कुबट वास. निम्मी टाकून दिली. बुरशीचं विष उन्हात वाळवून किंवा उकळून जात नाही. किलो-दीड किलोचं पाकीट आणा आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ओलीकाजू:
पाकीटच कशाला? आमची दोन्ही घरच्या भात-कोंबडीवर आहेत, ठणठणीत.

खाडीकाठ:
किती वर्षांची आहेत? वाढत्या पिल्लाला नुसत्या भात-कोंबडीत कॅल्शियम पुरत नाही, पाय वाकतात. आणि उलट, पूर्ण आहाराच्या पाकिटावर आपल्या मनाने कॅल्शियमचं औषध ओतलं तरी हाडांचं नुकसानच.

ओलीकाजू:
पाच आणि सात. वर्षाची होईस्तोवर पाकीटच होतं, ते सांगायचं राहिलं.

गुहागरी:
बक्षिसाला दुकानात जायची गरज नाही. बांगडा साफ करताना मीठ-मसाला लावायच्या आधीच एक तुकडा बाजूला काढा, नुसत्या पाण्यात उकडा आणि गार झाल्यावर बोटांनी कुसकरा. डोळ्यांना सुटलेला काटा बोटांना लागतो. शेंगदाण्याएवढा घास पुरे, पिल्लाला आकाराचं नाही, वेळेवर मिळण्याचं अप्रूप. उकडलेलं रताळं, लाल भोपळा, अंडं चालतं. पाकिटातलेच चार दाणे खिशात ठेवले तरी चालतं. सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यात बसवा. ओल्या खोबऱ्याचा कीस चिमूटभरच, जास्त झाला की पुन्हा पोट.

आजींचे काटे मात्र थांबवा, घशात अडकतात. शिजलेली हाडंही नकोत, फुटून टोकदार होतात. सुकट आणि खारा बांगडा मिठामुळे बाद. कालवणातला कांदा-लसूण रक्ताला वाईट. चॉकलेट, द्राक्षं, मनुका विषच, म्हणजे पूजेचा शिराही आला, त्यात मनुका असतातच. सध्या हापूसच्या कोयी अंगणभर असतील, त्या आधी गोळा करा. गिळली की आतड्यात अडकते आणि पोट फाडायची वेळ येते.

आणि किनाऱ्यावर नेताना पट्टा सोडू नका. जाळ्यातून फेकलेला केंड मासा वाळूत पडलेला असतो, पोट फुगलेला. पिल्लांना ती गंमत वाटते. त्याचं विष जीव घेतं आणि त्यावर उतारा नाही.

देवगडकरीण:
केंडाचं डोक्यातच नव्हतं, आमच्या पुळणीवर रोज दोन-चार पडलेले असतात. पट्टा आजच आणते.

देवगडकरीण:
तीन आठवड्यांनी लिहितेय. दूध बंद केल्यावर शी दुसऱ्याच दिवशी घट्ट झाली, दुसरी लसही झाली. चिंगळी आता 'बस' म्हटलं की बसते, पण हाताला बांगड्याचा वास असला तरच. चहाचं बिस्किट बंद करायला आठवडा गेला, चिंगळीपेक्षा आजीलाच जड गेलं. काल बघते तर आजी पडवीत चष्मा लावून बशीतला बांगडा कुसकरतेय. मी हसले तर म्हणाली, "माका कधी कोणी काटे काढून दिले नाय."