सल्ला हवा: मीठ पाण्यात विरघळतं, तेल का नाही? मुलांना दाखवण्याजोगे प्रयोग सुचवा

मानेवाडा_ताई
नमस्कार. माझ्याकडे संध्याकाळी आठवी-नववीची सात मुलं शिकवणीला येतात. "पाणी ध्रुवीय आहे म्हणून त्यात मीठ विरघळतं" हे वाक्य काल सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मग एका मुलीने विचारलं, "बाई, ध्रुवीय म्हणजे काय?" मी फळ्यावर आकृती काढली, अधिक-उणेच्या खुणा केल्या, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की काही पोचलेलं नाही. मला तिला ते डोळ्यांनी दाखवायचंय. प्रयोगशाळा नाही, स्वयंपाकघर आहे. इतवारी बाजारातून काही आणावं लागलं तर आणीन.

तर्री_भाऊ
ताई, तर्री पोह्यापासून सुरू करा. रश्श्यावर लाल तवंग येतो न, तो एवढा लाल काऊन अन् खालचा रस्सा फिक्का काऊन, हे पोट्ट्यांनाच विचारा. मिरचीचा लाल रंग अन् झणका तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाही. म्हणून तर सावजी खाऊन तोंड भाजलं की पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवूनही आग जात नाही, दूध-दह्याने जाते.

घरी असं करा: अर्धी वाटी तेल कोमट करून त्यात चमचाभर हळद घाला, निवू द्या, कापडातून गाळा. बीट किसून पाण्यात पिळा, तेही गाळा. दोन्ही एका पारदर्शक बाटलीत ओता, बूच लावून जोरात हलवा अन् ठेवून द्या. वर पिवळं, खाली गुलाबी. कितीही वेळा हलवलं तरी तेच.

धरमपेठ_२२
फणी केसांवर घासून नळाच्या बारीक धारेजवळ न्यायची, धार वाकते. आमच्या वर्गात ध्रुवीयता अशीच शिकवली होती. फक्त मे महिन्यात करा. पावसाळ्यात हवा दमट झाली की फणीवरचा प्रभार टिकत नाही.

रसायन_निवृत्त
फणीचा प्रयोग जरूर दाखवा, पण ध्रुवीयतेचा पुरावा म्हणून नको. फणी जवळ आली की धारेवर विरुद्ध प्रभार जमतो आणि धार वाकते ती मुख्यतः त्यामुळे. कित्येक पुस्तकांत हे चुकीचं छापलेलं आहे आणि मुलं तेच पाठ करतात, याचं वाईट वाटतं.

ताई, भाऊंची बाटली छान आहे, पण "का" ते तिच्यात दिसत नाही. त्यासाठी कणकेचे गोळे घ्या. मोठा ऑक्सिजन, त्याला चिकटवलेले दोन लहान हायड्रोजन, दोन्ही एकाच अंगाला झुकलेले, मधला कोन 104.5 अंश. सगळं मर्म या वाकण्यात आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, म्हणून तो किंचित ऋण आणि हायड्रोजन किंचित धन. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून काढती. कार्बन डायऑक्साइडचं तसंच होतं. वाकल्यामुळे पाण्याला एक ऋण टोक आणि एक धन टोक आलं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

तुमच्याकडे सात मुलं आहेत न? मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, तेव्हा एक मूल सोडियम, एक क्लोराइड, दोघांनी हात घट्ट धरायचे. बाकी पाच पाणी. प्रत्येकाची पाठ म्हणजे ऑक्सिजन, पुढे पसरलेले दोन हात म्हणजे हायड्रोजन. सोडियम धन, त्याला पाणी पाठ लावून घेरतं. क्लोराइड ऋण, त्याला पाणी हातांनी धरतं. दोघांच्या मध्ये पाणी शिरलं की पकड सुटते. पाण्यात दोन प्रभारांमधली ओढ निर्वाताच्या मानाने सुमारे 80 पटींनी कमी होते.

तेलाचा रेणू म्हणजे हाताची घडी घालून उभं असलेलं मूल. त्याला पाणी हाकलत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सोडून त्याच्यासाठी जागा करत नाहीत, एवढंच.

मानेवाडा_ताई
सर, हे उद्याच करते. पण साखरेत आयन, म्हणजे सोडियम-क्लोराइडसारखे प्रभार असलेले कण, नसतात, तरी ती मिठाहून जास्त विरघळते. ते कसं सांगू?

रसायन_निवृत्त
25 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात मीठ जेमतेम 36 ग्रॅम, साखर 200 ग्रॅमच्या आसपास. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या जागोजागी असतात, पाणी त्यांना धरतं. रेणू अख्खाच राहतो. 9 व्होल्टची बॅटरी, लहान एलईडी आणि तिच्याबरोबर एक रेझिस्टर घ्या: मिठाच्या पाण्यात आयन वीज वाहून नेतात म्हणून दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात नाही. घरातल्या प्लगला मात्र हात लावू देऊ नका, आणि मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन निघतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

मानेवाडा_ताई
आज अंगणात केलं. त्याच मुलीला सोडियम केलं होतं. चार जण पाठ लावून भोवती उभे राहिले तशी ती ओरडली, "बाई, माझा हात सुटला!" मग बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "बोअरच्या पाण्याचा हा पांढरा थरही आयनांचाच ना? तो का नाही सुटत?"

रसायन_निवृत्त
तिला माझी शाबासकी सांगा. तो थर बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा. तिथे दोन्हीकडे दुप्पट प्रभार, पकड इतकी पक्की की पाण्याची ओढ पुरत नाही. त्यावर लिंबू चोळायला सांगा आणि बुडबुडे दिसले की मला इथे कळवा.