बदलत्या गल्लीची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची, तर सुरुवात कुठून करावी?

पायवाट :
नमस्कार मंडळी. साधारण ४०० मीटर लांबीची जुनी रहिवासी गल्ली आहे. दोन-तीन मजली घरं पाडून त्यांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या आहेत. पुढची दहा वर्षं या गल्लीची पद्धतशीर नोंद ठेवायचा चार-पाच जणांचा विचार आहे. हाताशी फोनचे कॅमेरे आहेत आणि महिन्याला दोन-तीन तास. ठरावीक जागेवरून फोटो काढायचे तर पुढच्या वर्षी नेमकी तीच जागा कशी शोधायची? किती वेळा काढायचे? आणि फोटोत न येणारं रोजचं जगणं कसं टिपायचं?

चौकट :
आधी जागेचं, कारण बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या मैदानात फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक कितीतरी वाढते. अरुंद गल्लीत पाच मीटर चुकले तरी एक अख्खं दुकान चौकटीबाहेर जातं.

त्यापेक्षा जोड्या धरा. जवळची एक वस्तू आणि तिच्या मागची लांबची एक वस्तू. समजा, विजेच्या खांबाची उजवी कड मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला नेमकी टेकलेली दिसतेय. पुढच्या खेपेला खांब उजवीकडे सरकून खिडकीवर आलेला दिसला, तर तुम्ही जास्त डावीकडे उभे आहात. खांब ज्या बाजूला गेलाय, त्याच बाजूला आपण सरकायचं. अशी एक जोडी चौकटीच्या डाव्या अंगाला आणि एक उजव्या अंगाला धरली की दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, आणि पुढे-मागेचंही आपोआप जुळतं. सवय झाली की बोटभर फरकही डोळ्याला जाणवतो. जागा चुकली तर झूम करून ती भरून निघत नाही, कारण झूमने चित्र मोठं होतं पण खांब आणि खिडकी यांचं नातं बदलत नाही.

प्रत्येक ठिकाणाला क्रमांक द्या आणि लिहून ठेवा : दोन्ही जोड्या, कोपऱ्यापासून टेपने मोजलेलं अंतर, कॅमेऱ्याची उंची (१.५ मीटर सोयीची पडते), होकायंत्रावरची दिशा अंशांत. मागच्या खेपेच्या फोटोची छापील प्रत हातात असू द्या. उन्हात फोनच्या पडद्यावर बारकावे दिसत नाहीत.

४०० मीटरला १० ते १२ ठिकाणं पुरतात. कोपऱ्यांवर दोन्ही दिशांना एकेक, बाकी चाळीसेक मीटरवर. दर तीन महिन्यांनी एक फेरी. मात्र एखादं घर रिकामं होतंय असं कळलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. पाडकामाचे पत्रे एकदा लागले की तळमजला दिसत नाही, आणि गल्लीचं जगणं असतं ते तळमजल्यावरच.

फोनचा मुख्य कॅमेराच वापरा. ०.५ वर नेला की कडेच्या इमारती ताणल्या जातात. चौकट ४:३ ठेवा, कारण बहुतेक फोनमध्ये १६:९ म्हणजे त्याच चित्राची वरची-खालची कापलेली पट्टी असते. इमारत मावत नाही म्हणून फोन वर वाकवू नका, भिंती आत झुकलेल्या दिसतात. मागे सरका, नाहीतर फोन उभा धरा. खालचा रस्ता जास्त आला तर येऊ द्या, तोही पुरावाच आहे.

पायवाट :
जोडीतला खांबच काढून टाकला तर?

चौकट :
काढतातच. म्हणून दोनऐवजी चार जोड्या लिहून ठेवायच्या आणि एखादी गेली की त्याच फेरीत तिच्या जागी नवी शोधायची. दोन जोड्या शाबूत असेपर्यंत जागा हातची जात नाही. फेरी चुकवली आणि मधल्या काळात तीन गेल्या, की मग अंदाजच.

रस्त्याची पातळीही बदलते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. डांबराचा थर चढतो, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि मग रस्त्यापासून १.५ मीटर ही तीच उंची राहत नाही. उंची एखाद्या जुन्या घराच्या जोत्यापासूनही मोजून ठेवा. जमलं तर प्रत्येक जुन्या घराच्या दाराशी असलेल्या पायऱ्या मोजा आणि सगळ्यात खालच्या पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. तीन पायऱ्यांच्या अडीच आणि अडीचच्या दोन होतात, तेव्हा पावसाचं पाणी कुणाच्या घरात शिरणार हे त्या आकड्यांवरून आधीच कळतं.

नोंदवही :
चौकट यांच्याशी सहमत. पण फोटोंइतकीच वहीही लागेल. फोटोत शटर बंद दिसतं. दुकान आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद आहे की कायमचं उठलंय, हे फोटो सांगत नाही. वेगवेगळ्या वारी दोनदा बंद दिसल्याशिवाय 'रिकामं' लिहू नका. 'बंद' आणि 'रिकामं' हे दोन वेगळे शेरे ठेवा.

प्रत्येक भूखंडाला स्वतःचा क्रमांक द्या. घर क्रमांक नको, दुकानाचं नावही नको, दोन्ही बदलतात. क्रमांकापुढे मजले, तळमजल्याचा वापर, गल्लीकडे उघडणाऱ्या दारांची संख्या, बसायला ओटा किंवा कट्टा आहे का, झाडं किती. दारांचा रकाना सोडू नका. चार जुन्या घरांना मिळून आठ दारं गल्लीकडे उघडत असतील आणि नव्या इमारतीला एकच गेट असेल, तर रहिवासी वाढूनही गल्ली ओस का वाटते हे तिथे कळतं.

हमखास होणारी चूक सांगतो. १४, १५, १६ हे भूखंड एकत्र होऊन एक इमारत आली की लोक जुन्या ओळी खोडून नवी लिहितात. तसं करू नका. जुन्या ओळींना शेवटची तारीख घाला आणि नव्या भूखंडाला न वापरलेला क्रमांक द्या, शेजारी '१४, १५, १६ मिळून'. खोडलेली ओळ परत आणता येत नाही. वापराचे शेरे पहिल्याच दिवशी ठरवा, दहा-बारापेक्षा जास्त नकोत, आणि मधेच त्यांचा अर्थ बदलू नका.

मागचा काळही काही प्रमाणात हाती लागतो. गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये बऱ्याच ठिकाणी जुन्या तारखांची चित्रं दिसतात. घरोघरचे समारंभाचे फोटो तर सोनंच, कारण पाहुण्यांच्या मागे गल्ली उभी असते. १० बाय १५ सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही, तिथे तारीख असते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

कानोसा :
रोजच्या जगण्याबद्दल. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची नव्याने आखणी करणारा अधिकारी ओसमान, त्याच्या काळात तिथले जुने रस्ते पाडले जाणार होते, तेव्हा शार्ल मारव्हिल याने शहरासाठी त्यांचे चारशेहून अधिक फोटो काढले. दगडन् दगड दिसतो, पण रस्ते बहुतेक निर्मनुष्य. एक्स्पोजर लांब होतं, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, त्यामुळे चालणारी माणसं उमटलीच नाहीत. फोनचा नाईट मोडही थोडंफार हेच करतो. तो बंद ठेवा आणि माणसांसाठी वेगळी मोजणी करा.

दोन प्रकार. एक, कोपऱ्यावर आडवी काल्पनिक रेषा धरून १० मिनिटांत ती ओलांडणारे सगळे मोजायचे. सहाने गुणलं की तासाचा अंदाज. दोन, गल्लीतून एकदाच, न थांबता चालत जायचं आणि थांबलेला प्रत्येक माणूस नकाशावर ठिपक्याने टिपायचा : बसलेला, उभा, खेळणारा, विकणारा. मागे वळून मोजायचं नाही. माझ्या मते दुसरी मोजणी जास्त मोलाची. नुसता रस्ता झालेल्या गल्लीतूनही माणसं जातातच. थांबणारी माणसं आधी नाहीशी होतात. कोपनहेगनचा स्ट्रॉयट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी तिथे १९६८ पासून अशीच मोजणी केली आणि पुढच्या दशकांत ती पुन्हा केली, म्हणून तुलना करता आली. तुम्हीही वार, वेळ आणि हवामान सारखं ठेवा. पावसाच्या दिवशीची मोजणी कोरड्या दिवसाशी ताडून पाहू नका.

आवाजासाठी एकच ठिकाण, पाच मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ : पाच मिनिटांना ५८ एमबीच्या आसपास. फोनमधल्या डेसिबलच्या ॲपचे आकडे दोन फोनांवर जुळत नाहीत, म्हणून ते आकडे कुठे पुरावा म्हणून मांडू नका. फोन खिशात नको, कापडाची घासही येते.

आणि एक कळकळीची विनंती. पदपथावर विकणाऱ्यांची नेमकी जागा आणि वेळ दाखवणारा नकाशा जाहीर करू नका. तो त्यांना उठवायलाही वापरता येतो. तो भाग आपल्यापुरता ठेवा. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो आणि घराच्या आतली दृश्यंही परवानगीशिवाय बाहेर नकोत.

नोंदवही :
साठवणुकीचं राहिलंच होतं. लंडनमध्ये १८७५ ते १८८६ या काळात जुन्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्या संस्थेने कार्बन छपाई मुद्दाम निवडली, कारण ती फिकी पडत नाही. आपल्या काळात तीच काळजी म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर चित्र दाबलं जातं आणि आतली तारीख-वेळ पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, मग ठिकाणाचा क्रमांक, याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप तारखेवार लागते. आणि वही पाचांपैकी एकाच्याच घरी पडून राहू देऊ नका. प्रत्येक फेरीनंतर त्या दिवशीच्या पानांचे फोटो काढून सगळ्यांकडे पाठवा.